चिमूटभर भस्म

सासूबाईंनी सहाणेवर मध घेतला, वैद्यबुवांनी दिलेल्या पुडीतलं राखाडी भस्म चिमटीने त्यात टाकून कालवलं आणि मधाचं बोट तीन वर्षांच्या मनूच्या तोंडाकडे नेलं.

“किती घातलंत?”

“चिमूटभर. तुझ्या नवऱ्यालाही लहानपणी एवढंच चाटवलंय.”

मी त्या बोटांकडे पाहिलं. कामाने जाड झालेली, मायेची बोटं. पण भस्मात धातू असतो; चिमूट मोठ्या माणसाच्या बोटांची आणि ती गाळायची मनूच्या इवल्या मूत्रपिंडांनी. पोट दुखलं तर पोर रडते तरी. मूत्रपिंडं बिघडत असली तरी बराच काळ गप्प असतात. पुडीवर ना नाव, ना मात्रा.

मी सासूबाईंचं बोट धरलं.

“आई, वैद्यबुवांकडून भस्माचं नाव आणि मात्रा लिहून आणू, मुलांच्या डॉक्टरांनाही दाखवू. तोवर नाही.”

त्या रागावल्या. मनू मधासाठी आ वासून बसली होती. मी बोट सोडलं नाही.