काकांच्या लाल गाडीचं इंजिन

पेट्रोलचा उग्र वास आला की रहाटणीतल्या शेजारच्या काकांचा रिकामा गोठा आठवतो. गुरं विकल्यावर तिथं त्यांची जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार असायची. “रेसचं इंजिन हाय, राव!” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी चाकणला एका कंपनीत इंजिन तपासणीला नवाच लागलो होतो. चारचौघांत बॉनेट उघडून म्हणालो, “काका, हे तर फॅमिली कारचं इंजिन. गंडवलंय तुम्हाला.” लोक हसले. “व्हय का?” म्हणत त्यांनी बॉनेट हळूच लावलं आणि महिन्याभरात गाडी विकली. पुढे वाचलं, ती गाडी बनवणाऱ्यांनीच फॅमिली कारच्या इंजिनाला ताकद वाढवायला दोन कार्ब्युरेटर लावून ती तयार केली होती. रेसही त्याच इंजिनावर जिंकल्या होत्या. काका अजून भेटतात, “काय म्हणती कंपनी?” विचारतात. मी “बरं चाललंय” म्हणतो आणि दरवेळी तेवढ्यावरच थांबतो.