बिनकुलपाची लाईन

आधी माफी मागतो. ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, त्याच्याबद्दल लिहायचा अधिकार नसलेल्यांची यादी केली तर माझं नाव पहिलं येईल. का, ते पुढं कळेल. शिवाय मला लिहायची सवयही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. याडी, म्हणजे माझी आई, अजून अंगठाच लावते. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या भागात त्यांना सगळे लाईनमनमामा म्हणायचे. कुणी मोबाईल हातात दिला की ते आधी उपरण्याच्या टोकानं तो दोन्ही बाजूंनी पुसायचे. समोरचा माणूस ओशाळायचा. मामा म्हणायचे, "तुझा राग न्हाई बाबा. आमच्या टायमाला सगळ्या गावाचं तोंड एकाच फोनला लागायचं. हात आपोआप पुसतो."

टेलिफोनच्या सरकारी खात्यात त्यांची सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली. घरी पिढीजात मेंढरं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुन्हा आठ-दहा मेंढ्या घेतल्या आणि सायकलच्या हँडलला जुना तपासणीचा फोन लटकवून हिंडायला लागले. तो फोन कशाला लागतो, असं विचारलं की म्हणायचे, "मेंढी हरवली तर फोन करता येतो."

त्यांचं एक वाक्य तालुक्यात माहीत होतं. "कागद हाय का?" एसटीच्या कंडक्टरनं पुढच्या बाकावरून उठवलं, कागद हाय का. बँकेतल्या साहेबानं उद्या या म्हटलं, कागद हाय का. एका लग्नात जेवायला बसलेल्या मामांना नवरीच्या चुलत्यानं उठवलं, ही पंगत पाहुण्यांची आहे म्हणून. मामा भाताचा घास हातात धरून म्हणाले, "तसा कागद हाय का?" पंगत हसली, आणि चुलताच बाजूला झाला.

फॉरवर्ड केलेल्या मेसेजला ते 'उष्टं' म्हणायचे. मी एकदा त्यांना कसला तरी भडक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो अर्ध्यात थांबवला, फोन पुसला आणि परत दिला.

"कुणी कुणी चाखून टाकलेलं रे हे. तुझं सोताचं काय हाय ते बोल."

मी म्हणालो, "मामा, लोक हीच घाण पाठवत बसतात. मग नेट सगळ्यांना मिळावं म्हणून तुम्ही काहून भांडून राहिलात?"

"लाईनमननं लाईन जोडायची. तिच्यावर काय बोलावं ते लोकायचं. म्या कवा कुणाचं बोलणं तोडलं न्हाई."

हे बोलायला सोपं वाटतं. नोकरीत असताना निवडणुकीच्या तोंडावर एका पुढाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, अमक्याचा फोन दोन दिवस डेड ठेव. मामांनी त्याच्याकडंही कागद मागितला. महिनाभरात त्यांची बदली झाली. लाईन तपासताना किती घरांची गुपितं त्यांच्या कानावर पडली असतील. आम्ही खोदून विचारायचो. ते म्हणायचे, "मला आवाज येतो का न्हाई तेवढंच ऐकू येतं."

आता मूळ गोष्टीकडं येतो. आमचा तांडा कुरुंद्यापासून आत, मामांच्या गावाला लागून. सरकारी फायबरची वायर आमच्या हळदीच्या वावरांच्या कडेनं पुरत नेली. तिची पेटी ग्रामपंचायतीत बसली. गावाला, शाळेला, अंगणवाडीला फुकट नेट, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीला कुलूप असायचं आणि त्या नेटवर सरपंचाच्या पुतण्याचं रिचार्जचं दुकान चालायचं. तांड्यावरच्या शाळेतले गुरुजी पोरांची हजेरी पाठवायला माळावरच्या टाकीवर चढायचे.

मामांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं की तांड्याच्या शाळेची जोडणी पूर्ण झाली आहे. तो कागद घेऊन ते शाळेत आले, वर्गाच्या चारही भिंती पाहिल्या, छतही पाहिलं आणि गुरुजींना म्हणाले, "तुमी झाकून ठिवली का?"

मग त्यांनी हिंगोलीच्या कचेरीत किती चकरा मारल्या ते मोजायला मी सोबत नव्हतो. शेवटी लेखी मंजुरी आली. त्यांचा एक जुना सोबती जोडणीचं मशीन घेऊन आला. मी शिडी धरली, मामा चढले, आणि आम्ही ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत वायर नेली. शाळेतली पेटी चालू झाल्यावर गुरुजींनी पासवर्ड काय ठेवायचा विचारलं. मामा म्हणाले, "लाईनीला कुलूप कशाला?" वायफायला नाव मात्र द्यावं लागतं. त्यांनी दिलं, 'या बसा'.

लोक खरंच येऊन बसायला लागले. हळदीचा भाव बघणारे, पुण्याला गेलेल्या लेकाचं तोंड बघणारे. शाळा सुटली की व्हरांडा भरायचा. मामा एका कोपऱ्यात मेंढ्या सांभाळत बसायचे. कुणाच्या मोबाईलमध्ये डोकावायचे नाहीत.

त्या वर्षी आंदोलनाच्या दिवसांत मोबाईलचं नेट बंद झालं. कधी सुरू होईल ते कुणी सांगेना. पण वायरीवरचं नेट चालू होतं, म्हणजे आमच्या व्हरांड्यात चालू होतं. रेशन दुकानदार अंगठ्याचं मशीन तिथं घेऊन आला आणि तांड्याला धान्य मिळालं. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. तो अर्ज मी त्या व्हरांड्यात बसून भरला. हे मुद्दाम सांगतो. पुढं जे केलं ते ह्या अर्जानंतर केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची गाडी आली. जमादार आणि एक शिपाई, सोबत सरपंचाचा पुतण्या. इथून अफवा पसरतात, अशी तक्रार होती म्हणे. पुतण्याच्या दुकानात त्या तिन्ही दिवशी नेट चालू होतं. तिकडं गाडी गेली नाही.

मामा उठून उभे राहिले. "नेट बंद करायचं तर कागद हाय का?"

जमादारानं मोबाईलवर आदेशाचा फोटो दाखवला. मामांनी मोबाईल पुसला आणि ओळीवर बोट ठेवून आदेश सावकाश वाचला.

"ह्याच्यात मोबाईलचं लिव्हलंय. वायरीचं कुठं हाय?"

"लई शिकलेलं दिसतंय म्हातारं."

"वाचता येतं, बस."

व्हरांड्यात वीसेक माणसं होती. एकेक करून चपला घालून निघून गेली. ज्या बाईला आदल्या दिवशी मामांनी लेकाशी बोलायला फोन लावून दिला होता, तीही पदर सावरत गेली. मी मात्र थांबलो. थांबलो म्हणजे काही मोठं केलं नाही. उलट गेलो असतो तर बरं झालं असतं.

पेटी काढून घेतली. जप्तीला दोन पंच लागतात. एक पुतण्या झाला. जमादार म्हणाला, दुसरा शिकलेला कुणी बघा. पुतण्यानं माझ्याकडं बोट केलं. छापील पंचनाम्याचा फॉर्म माझ्यापुढं आला. वर ठाण्याचं नाव, खाली सहीची जागा, मधलं सगळं कोरं.

"नाव, वय लिही आणि सही ठोक. बाकी आमी भरून घेतो."

आमच्याकडं पंचनामा असाच होतो. आधी सही, मग मजकूर. माझ्या बापूनं, म्हणजे वडिलांनीही असे दोन-चार अंगठे दिलेले आहेत. मी नाव, वय लिहिलं आणि थांबलो. पुतण्या खांद्यावर हात ठेवून अर्ध्या हिंदीत म्हणाला, "भरतीची तयारी करतोस ना? कॅरेक्टर का कागज यहीं से जाता है."

मी सही केली. कॉलेजात गेल्यावर वहीच्या मागं सराव करून बसवलेली, इंग्रजीतली, शेपटीवाली सही.

मामा बघत होते. म्हणाले, "वाचलंस का?"

"कोराच आहे, मामा."

"मंग सही कशाला केलीस?"

मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मोबाईलचं नेट सुरू झालं आणि पहिलं काय फिरलं, तर मामांचा फोटो. खाली लिहिलेलं की हा म्हातारा बाहेरच्यांना बातम्या पुरवतो. ज्यांनी त्यांच्या फुकटच्या नेटवर हळद विकली त्यांनीही तो पुढं पाठवला. माझ्याच चुलतभावाच्या मोबाईलवर मी तो पाहिला. त्याला विचारलं, तू का पाठवलास? तो म्हणाला, सगळ्यांनी पाठवला. मला त्या मोबाईलची शिसारी आली, आणि माझ्याच हातानं केलेली सही आठवली.

नंतर मी पुढच्या शिक्षणाला नांदेडला खोली घेतली. एक दिवस दारात मामा. एसटीनं आले होते. याडीनं दिलेल्या भाकरी त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या आणि पिशवीतून कोर्टाची शिक्क्याची नक्कल काढली. गुन्हा दाखल झाला होता. बंदी मोडून लोकांना नेट पुरवलं म्हणून. पेटी शाळेत नव्हे, तर मामांच्या घरात लपवलेली सापडली, आणि ग्रामपंचायतीची वायर त्यांनी चोरून घरी ओढली, असं पंचनाम्यात होतं. आम्हा पंचांसमक्ष.

मामांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं नाही. मजकुरावर ठेवलं.

"तू त्या दिशी माझ्या घरी आल्तास का?"

"नाही."

"फारम कोरा व्हता का?"

"होता."

"मंग कोर्टात इतकंच सांग. माझ्या बाजूनं काही बोलू नको. जे व्हतं तेवढंच."

मी हो म्हणालो. चहा करतो म्हणालो. ते म्हणाले, शेवटची गाडी पकडायची आहे, मेंढ्यांना पाणी राहिलंय. जिना उतरताना थांबले. "उभ्या जन्मात लाईन चोरली न्हाई रे म्या. जोडली. आता नातवाला शाळेत कुणी चोराचा नातू म्हणून राहिलंय, त्याला काय कागद दाखवू?"

त्यांना हवं होतं ते एवढंच. त्या कागदावरचं खोटं खोटं ठरावं आणि शाळेची पेटी परत यावी. त्यासाठी माझी दोन वाक्यं लागत होती. मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. फॉर्म कोरा होता.

पंच म्हणून मला समन्स आलं. पहिल्या तारखेला मी नांदेडच्या बसस्टँडपर्यंत गेलो. गाडी लागली होती. मी तिच्याकडं बघत उसाचा रस प्यालो आणि परत आलो. प्रॅक्टिकल आहे, असं कळवलं. खरं तर भरतीची जाहिरात आली होती.

दुसऱ्या तारखेला ताप आल्याचं सर्टिफिकेट पाठवलं. एका डॉक्टरनं मला न तपासता लिहून दिलं. तोही कोरा फॉर्म होता, नाव मीच भरलं. तो कागद पाकिटात घातला आणि पाकीट मी चिकटवलं. त्या दिवशी मामा कोर्टाच्या आवारात सकाळपासून पाचपर्यंत बसून होते, असं बापूनं नंतर सांगितलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगं येऊन राहिलंय. त्याची परीक्षा असती."

तुम्ही म्हणाल, एवढं कळत होतं तर गेला का नाहीस? मला पोलिसांचा राग येतो, सरपंचाचा येतो, चपला घालून गेलेल्या त्या वीस जणांचा येतो. पण त्यांच्यातल्या कुणाला मामांनी शिडी धरायला उभं केलं नव्हतं.

तिसरी तारीख पडली. ह्या वेळी मी जाणार होतो. काय बोलायचं ते वहीत लिहूनही ठेवलं होतं. जाणार होतो असं आज लिहितोय. खरं काय ते मलाही ठाऊक नाही, आणि आता तपासायला काही मार्ग उरला नाही.

तारखेला दोन दिवस होते. मी मेसमध्ये जेवत होतो. बापूचा फोन आला. बापू आमच्या गोरमाटी बोलीत बोलतो, मी इथं मराठीत लिहितो.

"लाईनमनमामा गेले. काल. मेंढ्यांना पाणी पाजताना बसले ते बसलेच."

मागं कुणीतरी वरण वाढायला उभं होतं, त्याला मी हातानं नको म्हटलं.

"वकील आलता मातीला," बापू म्हणाला. "आरोपीच राहिला न्हाई तर केस बंद होती म्हणे. पंचनामा फाईलीत तसाच राहील. पण आता कुणी तुला काही विचारणार न्हाई. तू येऊ नको, तुझा अभ्यास बुडंल."

माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. ते उतरताना मला स्पष्ट कळलं.

"बरं," मी म्हणालो.