सैल लगाम

किनाऱ्यावरची रपेट संपवून परतताना भरती चढू लागली होती आणि खाडीचं मुख ओलांडायचं होतं. पाण्याखालची वाळू कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत, हे वरून दिसत नव्हतं. मी लगाम आवळून घोडीला सरळ रेषेत नेऊ लागले. ती थरथरत थांबली. पाणी रिकिबीला लागलं.

“तिला शिकवू नका, ताई!” पुढच्या घोड्यावरून आमचे वाटाडे रफिकचाचा ओरडले. “ती रोज ओलांडते, तुमची पहिलीच वेळ. लगाम सैल सोडा!”

माझ्या प्रयोगशाळेत मी प्रयोगाचा एकही घटक मोकळा, नियंत्रणाबाहेर ठेवत नाही. ती सवय इथे सोडणं भीती आवरण्याहून कठीण गेलं. अखेर बोटं उघडली. घोडीने पाणी हुंगलं आणि ती डावीकडे वळून एकेक पाऊल चाचपत निघाली.

पलीकडच्या वाळूवर ती थांबली, तेव्हा तिला पुढे चल म्हणण्याची मला घाई झाली नाही.