मामांच्या जीपचं तेल

अधिक महिन्यात जावयावर ओरडायचं नसतं. ही पद्धत कुणी पाडली मला ठाऊक नाही, पण मी आज हातीपायी धड आहे तो तिच्यामुळं.

माझी सासुरवाडी शिरूर कासारजवळ. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामा ऊसतोड टोळ्यांचे मुकादम. फडाच्या या टोकाला त्यांनी नुसतं खाकरलं तरी त्या टोकाचा कोयता थांबायचा, असा त्यांचा आवाज. आणि मी बीडला शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या आवाजानं मागच्या बाकावर झोपलेलं पोरगंसुद्धा कूस बदलत नाही! लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, तरी मामा समोर आले की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडं जातो.

मामांना जगात दोनच गोष्टी प्रिय. एक त्यांची जीप. दुसरी मला अजून सापडलेली नाही. (माझी बायको सुनंदा हिला वाटतं, ती दुसरी गोष्ट म्हणजे ती. वाटू दे.) टोळ्यांच्या मागं एका कारखान्यावरून दुसऱ्या कारखान्यावर ही जीप इतकी पळाली की मीटरवरचे आकडे संपले, पुन्हा शून्यापासून सुरू झाले आणि मग मीटरनंच अंग टाकलं. जीपला कुणी हात लावत नाही. धुवायची झाली तरी मामाच धुतात.

यंदा अधिकात आम्हाला धोंडे खायला बोलावलं. माझा मेहुणा बाळू जीप घेऊन स्टँडवर आला. गावाच्या वळणावर त्यानं गिअर बदलला आणि जीपच्या पोटातून असा करकराट आला की मी सुनंदाचा हात धरला.

"बाळू, ह्याचं गिअर ऑइल कधी बदललंय?"

"बदललंय? दाजी, आबा म्हणत्यात, त्यात तेल टाकायचं असतंय, काढायचं नसतंय."

बाळूचे आबा म्हणजेच आमचे मामा. तेव्हा विषय तिथंच संपायला हवा होता. पण माझ्या मनाला एक खोड आहे. ते स्वतःला सारखं टोचत असतं. इतकी वर्षं आपण या घरचं आयतं खातोय, कधी इकडची काडी तिकडं केली नाही, असं ते मला आदल्या आठवड्यापासून सांगत होतं. त्यात मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. एक हसतमुख माणूस म्हणत होता, गाडी जितकी जास्त पळालेली, तितकं हे तेल बदलणं गरजेचं. गिअरबॉक्समधलंही आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी भोपळा असतो, त्या डिफरन्शियलमधलंही. तो माणूस फार सोपं करून दाखवत होता. त्याला सासरे नसावेत.

मामींसाठी आणलेल्या साडीखाली मी तेलाचे डबे लपवून आणले होते. मामा शेतात, बाळू दुकानात, बायका चुलीपाशी पुरण वाटण्यात गुंतलेल्या. मी लुंगी खोचली, बाळूची पान्यांची पिशवी घेतली आणि जीपखाली शिरलो.

भोपळ्याचं काम झटकन झालं. जुनं तेल काढलं, नवं भरलं. मला वाटलं, भूगोलात आपण उगाच आलो! मग गिअरबॉक्स. तेल धरायला भांडं हवं म्हणून अंगणात उन्हात वाळत घातलेली एक परात ओढली. खालचं बूच फिरवलं. काळंकुट्ट, काकवीसारखं घट्ट तेल पडायला लागलं. वास असा की कोंबड्या अंगण सोडून गेल्या. शेवटचा थेंब पडला. आता तेल ओतायचं वरचं बूच उघडायचं.

ते उघडेना.

मी पाना लावला. मी पान्यावर लोंबकळलो. मी नारायणाचा धावा केला. पाना सटकला आणि बुचाचे सगळे कोपरे गुळगुळीत होऊन बसले. आणि नेमकं तेव्हाच मला त्या हसतमुख माणसाचं पहिलं वाक्य आठवलं : 'आधी वरचं बूच उघडतंय ना, ते बघा. मगच खालचं काढा.' म्हणजे आता मामांच्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये थेंबभर तेल नव्हतं आणि घालायला वाट नव्हती. अशी गाडी कुणी चालवली तर आतले दाते एकमेकांना खाऊन टाकणार. मी गपचूप गावातल्या मेकॅनिकला फोन लावला.

"आवं त्यो न्हाई घरी," त्याची आई म्हणाली. "सासुरवाडीला गेलाय. धोंडे खायाला."

सगळ्या तालुक्यातले जावई त्या दिवशी जेवत होते. मी एकटाच कामाला लागलो होतो!

मी जेमतेम बाहेर आलो, हात लुंगीला पुसले, तोच मामा शेतातून आले. डोक्यावर नवी टोपी, चेहऱ्यावर हसू. (मामांचं हसू मी लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.)

"चला पाव्हणं, शिरूरला जाऊ. तुमाला कपडे घिऊ."

असं म्हणून ते जीपमध्ये बसले आणि किल्ली लावली. मी जीपच्या पुढं दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"मामा, नको!"

"काय नको?"

"क... कपडे."

धोंड्याला आलेल्या जावयानं कपडे नाकारले! मामी पुरणाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"आगं बाई, पाव्हणं रुसले!"

"मी कशाला रुसू, मामी..."

"रुसलेला मानूस असंच म्हनतो," दुकानातून परतलेला बाळू माझ्या कानाशी आला. "दाजी, आजचा दिस तुमचा हाय. मोबाईल पायजे का? लाजू नका."

सुनंदानं मला बाजूला ओढलं. "अहो, शोभतं का हे? इतकी वर्षं कधी काही मागितलं नाही, आणि आता माझ्या बापाला कोंडीत धरता?"

"अगं, मला काही नको. फक्त ती जीप चालू करू नका."

"म्हणजे तुम्हाला जीप हवी?"

हे वाक्य ती जरा मोठ्यानं बोलली. मामांनी किल्लीवरचा हात काढला. माझ्याकडं पाहिलं. जीपकडं पाहिलं. ते सावकाश खाली उतरले. मामांनी करंगळीशेजारची अंगठी थुंकी लावून काढली आणि माझ्यापुढं धरली.

"पाव्हणं, जीप सोडून काय बी मागा. ही माझ्या बापानं दिलती मला. घ्या. आन राग सोडा."

मामांचा आवाज कापत होता. ज्या आवाजानं कोयते थांबायचे, तो! माझ्यानं राहवलं नाही. मी मटकन त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं ओकलो. व्हिडिओ, डबे, खालचं बूच, वरचं बूच.

मामा वाकून जीपखाली बराच वेळ बघत राहिले. वर आले तेव्हा गळ्याच्या शिरा टम्म फुगल्या होत्या. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. बाळू दोन पावलं मागं सरला.

"आवं!" मामी ओरडल्या. "अधिक हाय! जावई म्हंजी नारायन!"

तोंड मिटलं. तो सगळा आवाज आत अडकला आणि मामांचे कान लालभडक झाले.

"असू द्या," मामा म्हणाले.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. याच्यापेक्षा त्यांनी पाना फेकून मारला असता तर मी रात्री झोपलो असतो.

तेवढ्यात मामींचं लक्ष परातीकडं गेलं. चिंचेनं घासून लख्ख केलेली परात, डांबरासारखी काळी. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आवं, हिच्यात तुमचे पाय धुवायचे होते की!"

धुतले. तिच्यातच धुतले. मी पाटावर बसलो, मामा माझ्यापुढं उकिडवे बसले. पाय पोटऱ्यांपर्यंत तेलानं माखलेले, म्हणून मामींनी काथ्या आणि भांडी घासायची पावडर आणून दिली. मामांनी काथ्या उचलला. धुतले म्हणजे, खरवडले! जीपवरचं त्यांचं सगळं प्रेम त्या काथ्यात उतरलं होतं.

"लागतंय का, पाव्हणं?"

"न्... न्हाई, मामा."

"मंग आजूक जरा घासतो."

"बघा, मायेनं डोळ्यांत पानी आलं त्यांच्या," मामी पदर डोळ्याला लावत म्हणाल्या.

जेवताना मामांनी स्वतः वाढलं. "घ्या." एक धोंडा. "घ्या." दुसरा. माझ्या ताटावरून त्यांनी नजर काढली नाही. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी कसेबसे गिळले आणि मिळेल त्या गाडीनं बीडला परतलो.

अधिक संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहाचा पहिला घोट घेत असताना, फोन वाजला. मामा! मी उभा राहिलो. वरचं बटण लावलं.

मग तो साठलेला आवाज आला. मी फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी शेजारचे दरवाजा उघडून बघायला आले. मामांनी माझी अक्कल काढली, माझी पदवी काढली, मला नोकरी देणाऱ्यांची अक्कल काढली. चहा गार झाला, त्यावर साय धरली. मला मात्र हलकं हलकं वाटत होतं. बऱ्याच वेळानं मामा दमले.

"मेकॅनिक आलता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "छिन्नी लावली, एका ठोक्यात बूच उघडलं. तेल भरलं. गेर लई मऊ पडतोय आता. झालं ते झालं. दिवाळीला या."

फोन तिथं ठेवायचा होता! पण मामांच्या मऊ बोलण्यानं माझ्या आत पुन्हा टोचायला लागलं.

"मामा, एक सांगायचं राहिलंय. ते काढलेलं जुनं तेल... पाय धुवायच्या आधी परात रिकामी करताना घाईत मी परसातल्या लिंबोणीच्या बुडात ओतलं."

पलीकडं परसदाराची कडी काढल्याचा आवाज आला.

"म्हंजी लिंबोनी तुमी वाळवली व्हय?"

"हो."

"पाव्हणं, फुडचा अधिक कवा हाय?"

"तीन वर्षांनी."

"मंग तवाच या. त्याच्या आदी माझ्या नजरंला पडू नका."

दिवाळीला सुनंदा एकटी माहेरी निघाली आहे. मी तिला स्टँडवर सोडायला स्कूटरवरून नेणार होतो. तिनं रिक्षा बोलावली. म्हणाली, स्कूटरचं तेल तुम्हीच बदलता ना?