उमराव नीट सुधारत नाही

पान दोनशे बारावर उमराव पुन्हा दाराच्या चौकटीला टेकला, तेव्हा लालपेन काकांनी पेन टेबलावर आपटलं.

"अकरावी वेळ!" ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "या माणसाला कणा नाही, की राजवाड्यात खुर्च्या नाहीत?"

लालपेन काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या आणि त्यांच्याभोवती लाल गोल काढायचे. एकतीस वर्षं हेच काम. चूक दिसली की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. दुकानाची पाटी असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, कशालाही सुट्टी नाही. शेजारचे आजोबा गेले तेव्हा दारावर लावलेला शोकसंदेश त्यांनी आधी थांबून दुरुस्त केला, पेनाला टोपण लावलं आणि मग आत जाऊन सांत्वन केलं.

असल्या माणसाच्या नशिबी काय यावं? ऐतिहासिक प्रेमकथा. दर महिन्याला एक. नायक ठरलेला, उमराव. जुगारी, दारुडा, शहरातली एक खिडकी सोडलेली नाही. थंडी असो की वारा, छातीची वरची दोन बटणं उघडीच. मग कुणा वैद्याची नाहीतर मास्तराची मुलगी येते, त्याला चार खडे बोल सुनावते, आणि शेवटच्या वीस पानांत हा पठ्ठ्या एकदम गरीब गाय. करून करून भागले आणि देवपूजेला लागले! आणि वाचणाऱ्या बायका? डोळे पुसत पुढच्या पुस्तकासाठी नाव लावून मोकळ्या.

त्यात पहिलं नाव काकूंचं. काकू रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून सुया टोचायच्या आणि संध्याकाळी पाय वर घेऊन उमराव वाचायच्या. मालकाच्या वडिलांच्या काळापासून छापखान्याचा शिरस्ता होता की शेवटचं प्रकरण आधी काकूंकडे जायचं. त्यांनी मान हलवली तरच छपाई.

"काय दिसतं गं तुला त्या उनाडात?" काका दर महिन्याला विचारायचे.

"तुम्ही तुमचे गोल काढा," काकू पान उलटत म्हणायच्या.

तर त्या सोमवारी, अकराव्या चौकटीपाशी, मालक आला. मालक वयाने लहान, पण बोलणं सत्तरीतल्या माणसाचं.

"काका, कसंय ना, थोडा घोळ झालाय. लेखिकाबाई न्हाणीघरात पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय."

"तोंडी सांगू द्या की. कुणीतरी उतरवून घेईल."

"म्हटलं मी. पण कसंय ना, त्यांना असलं मोठ्याने सांगायची लाज वाटते."

"अडीचशे पानं लिहिताना नाही वाटली?"

"गुरुवारी अकराला छपाई सुरू. नाही झालं तर यंत्र दुसऱ्या कामाला जाईल आणि हा महिना कोरा. असं आजवर झालं नाहीये, काका. शेवट तुम्ही लिहा. असले दोनशे उमराव पाहिलेत तुम्ही."

"मी लिहीत नाही. मी खोडतो."

"मग खोडावं लागणार नाही असं लिहा," मालक म्हणाला आणि सटकला.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. पण काम अंगावर आलं की टाळायचं नाही हा त्यांचा स्वभाव. त्यांनी आधीचं सगळं पुन्हा चाळलं. उमरावाचं मुख्य पाप अठ्ठ्याण्णवाव्या पानावर होतं. वैद्याच्या मुलीने त्याला मनापासून लिहिलेलं पत्र त्याने दारूच्या बैठकीत मोठ्याने वाचून मित्रांना हसवलं होतं. काकांनी त्या पानावर पूर्वीच एक स्वल्पविराम सुधारला होता.

सोमवारी संध्याकाळी पहिला खर्डा तयार. उमरावाने दारू सोडली, पत्ते जाळले, शर्यतीचे घोडे विकले आणि राजवाड्याच्या किल्ल्या मुलीच्या हाती दिल्या.

काकूंनी वाचलं. "नाही."

"नाही काय? सगळं सोडलं त्याने!"

"सामान बदललं त्याने. माणूस तोच आहे."

मंगळवारी काकांनी उमरावाला घोड्यावरून पाडलं. जखम, ताप, सात दिवसांची ग्लानी, मुलगी उशाशी. आठव्या दिवशी डोळे उघडतो तो नवा माणूस.

"अहो, हा आजारी पडलाय," काकू म्हणाल्या. "मी रोज चाळीस आजारी बघते. सुई बघितली की सगळे संत होतात. अहवाल चांगला आला की परत होते तसे."

बुधवारी काकांनी दात-ओठ खात माफीच लिहिली. काकूंनी चष्मा लावून, उमरावाचा खर्जातला आवाज काढून वाचली, "'हे प्रिये, माझ्या वागण्याने जर तुझं मन दुखावलं असेल, तर त्या वेळची परिस्थिती आणि संगत लक्षात घेता...' अहो, हे काय आहे? वीज मंडळाची नोटीस? 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' राहिलं की शेवटी!"

आता मात्र काकांचा पारा चढला.

"मग करू काय त्या नालायकाचं? आणि मी म्हणतो, तुला हाच का लागतो? मी कधी थेंब घेतला? पत्त्याला हात लावला? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, रोज सहा दहाला घरात असतो. सहा अकरा नाही!"

"माहितीये हो. म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

काकूंनी कागद खाली ठेवले. "सरळ माणसाचं एक बरं असतं. त्याने दारू घेतली नाही, बाहेर गेला नाही, की त्याला वाटतं जन्मभराची माफी आधीच मिळालीये. उमरावाचं तसं नाही. त्याची पापंच इतकी की एक ना एक दिवस त्याला मान खाली घालून 'चुकलो' म्हणावंच लागतं. तो चौकटीला टेकतो ते मला आवडतं असं वाटतं तुम्हाला? दोनशे पानं मी त्याची थेरं सोसते ती त्या एका पानासाठी. घरात ऐकायला मिळत नाही, तर पुस्तकात ऐकते."

"पण माझं चुकलंय कधी?"

हे वाक्य काकांनी इतक्या निर्मळ मनाने म्हटलं, की काकूंना हसू आलं आणि मग ते चेहऱ्यावरच विरलं.

"लग्न ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला पत्र लिहिलं. दोन पानी. आयुष्यातलं पहिलं. तीनदा लिहिलं होतं मी, 'वाट बघतेय' म्हणून. तुम्ही ते पोस्टाने परत पाठवलंत. दोन 'वाट बघतेय' लाल शाईने खोडलेले आणि बाजूला लिहिलेलं, 'पुनरुक्ती'."

काकांना पत्र आठवलं. नुसतं आठवलं नाही, ती खूण किती नीटस उमटली होती तेही आठवलं.

"पण होतीच ना पुनरुक्ती," ते म्हणाले.

काकूंनी दोन्ही हात जोडले, त्यांना की वर आकाशाला ते कळलं नाही. "पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाल्या आणि आत जाऊन धुतलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालू लागल्या.

सत्तावीस वर्षांत आपल्याला बायकोचं दुसरं पत्र आलं नाही, हे काकांच्या त्या क्षणी ध्यानात आलं. माहेरी महिनाभर राहिली तेव्हाही नाही. त्यांना वाटायचं, तिला लिहायचा कंटाळा आहे.

गुरुवारी सकाळी ते सातलाच छापखान्यात बसले. या खेपेला उमराव वैद्याच्या अंगणात उभा राहिला, सरळ, कशालाही न टेकता. म्हणाला, "तुझं पत्र मी लोकांना हसवायला वाचलं. तू विश्वासाने लिहिलं होतंस. चूक माझी." पुढे काकांचा हात आपसूक 'कारण' लिहायला गेला. त्यांनी तो आवरला. उमरावाने टोपी उचलली आणि उत्तराची वाट न बघता फाटकाबाहेर पडला. मुलगी काय करते, ते दोन ओळींत आलं. पानं जेमतेम तीन.

साडेदहाला काका प्रयोगशाळेत. बाकावर रांग, एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून खुर्चीत बसलेले. काकूंनी हातमोजे न काढता उभ्या उभ्या वाचलं. शेवटचं पान दोनदा.

"हा बरा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "छापा."

काका हलले नाहीत.

"अहो, छापा म्हटलं ना? अकराला यंत्र सुरू होणार."

"ते पत्र," काका म्हणाले.

"कुठलं? मोठ्याने बोला, मशीन चालू आहे."

"तुझं पत्र!" काका ओरडले. अख्खी रांग वळली. "मी खोडायला नको होतं. चुकलो मी."

"इथे? आत्ता?" काकूंच्या हातात सुई तशीच. "सत्तावीस वर्षं गेली आणि वेळ बघा काय काढलीत! लोक उपाशीपोटी बसलेत!"

"घ्या की हो मनावर," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "आणि माझंही घ्या. चक्कर येतेय मला."

काका अजून उभेच. "तू काही बोलली नाहीस."

"काय बोलू? स्वतःच लिहिलंत ना? तो म्हणतो आणि निघून जातो. उत्तर मागत दारात ठाण मांडत नाही!"

हे मात्र काकांना पटलं. त्यांनी पानं उचलली आणि ते निघाले. बाहेर आल्यावर काचेच्या दारातून त्यांना दिसलं, काकू मनगटाने डोळे टिपत होत्या आणि म्हाताऱ्या गृहस्थांवर खेकसत होत्या, "मूठ आवळा, आजोबा, आवळा घट्ट! शीर सापडत नाहीये मला!"

अकराला नऊ मिनिटं होती. काकांनी पानं छातीशी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते रस्त्यातून पळाले.