ड्रॅगनची आई

"तुला जन्म देण्याऐवजी भाजलेल्या मांसाचा तुकडा जन्माला घातला असता, तर बरं झालं असतं!" असं म्हणून त्या फोन ठेवायच्या. मग मोबाइल कार्डिगनला पुसत माझ्याकडे वळायच्या. "निदान खाता तरी आला असता."

मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात अपॉइंटमेंट डेस्कवर आम्ही शेजारी बसायचो. त्या हाँगकाँगच्या, साठीच्या. नवरा गेलेला, घरी तिशीचा एकुलता एक मुलगा. त्याला रोज दुपारी एकला फोन व्हायचा आणि रोज त्याचं काहीतरी चुकलेलं असायचं. मला याद्या करायची सवय, म्हणून त्यांच्या कँटनीज म्हणींचीही मी वहीत यादी केली. मुलं म्हणजे आईबापांची हाडं विरघळवणारे ड्रॅगन. मूल शंभर वर्षं वाढवा, नव्व्याण्णव वर्षं काळजी करा.

"आणि उरलेलं एक वर्ष?" मी विचारलं.

"ते पोटात असतानाच संपतं. तेव्हा नुसत्या उलट्या!"

मग मुलाला बर्मिंगहॅमला नोकरी लागली. त्या दिवशी त्या फोनवर ओरडल्या नाहीत. "मुलगा मोठा झाला की जग मुलाचं," एवढंच मला म्हणाल्या. त्यानं आपल्याला बरोबर न्यावं असं त्यांच्या मनात होतं, हे मला दिसत होतं.

"सरळ विचारा ना त्याला."

"आईनं विचारायचं नसतं."

शुक्रवारी काम सुटताना तो त्यांना घरी न्यायला डेस्कपाशी आला. नव्या फ्लॅटचा फोटो पुढे धरून, मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाला, "आई, ही शेगडी तुझ्या सुपाच्या पातेल्याला पुरेल?"

त्या उसळल्या. "ही? यावर पाणी तरी उकळेल का? आणि ही एवढीशी खिडकी! नालायका, घर बघायला गेलास तेव्हा डोळे कुठे ठेवले होतेस?"

बोलणं फिसकटलं, असं मी धरलं. सोमवारी त्यांच्यासाठी एकटीला पुरतील अशा लहान फ्लॅटची यादी नेली, ट्रामच्या स्टॉपपासूनच्या अंतरासकट. ती वाचून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

"अगं वेडे, त्यानं 'चल' म्हटलं, मी 'हो' म्हटलं. तू तिथेच तर उभी होतीस!"

आता तुम्हीच सांगा, यात 'हो' कुठे होतं?

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. त्यानं त्यांची सीट मागे सरकवली, पट्टा लावून दिला. गाडी भलत्याच जागी लावली म्हणून त्यांचं सुरूच होतं. मी हात हलवला, तो त्यांना दिसलाही नाही. गाडी वळली तेव्हाही काचेआड त्यांचं तोंड चालू होतं, आणि तो दर वाक्याला मान डोलवत होता.