हर्शेलला तक्रार नव्हती

ओलीटा हॅचरला भांडायला कुणी शिकवलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात तिची हयात गेली आणि तिथे तिला एक गोष्ट कळली. जो मोठ्याने मागतो त्याच्या ताटात पडतं, बाकीचे रांगेत उभे राहतात. म्हणून निवृत्त झाल्यावर तिने मोठ्याने मागायला सुरुवात केली. आधी रस्त्याच्या खड्ड्यांसाठी, मग नळाच्या गढूळ पाण्यासाठी. ओझार्कच्या डोंगरातलं सॉरेल गॅप हे काही मोठं गाव नाही, पण तिच्या खटारा गाडीचा आवाज ऐकला की नगरपालिकेचा कारकून मागच्या दाराने जेवायला पळायचा.

त्यात हे टेलिफोनचं प्रकरण आलं. गावात फोन देणारी कंपनी एकच, आजोबांच्या काळापासूनची. दर किती घ्यायचा ते राज्याचा आयोग ठरवायचा. आता राजधानीत नवा कायदा झाला होता. ज्या गावात आणखी दोन कंपन्या फोन देतात तिथे स्पर्धा आहे असं मानायचं, आणि स्पर्धा आहे तिथे दरावरचा लगाम काढायचा. गिऱ्हाईक राजा, बाजार बघून घेईल. ऐकायला किती गोड! सॉरेल गॅपमध्ये दुसरी कंपनी होती केबलवाल्यांची, तिची तार बँकेपासून निघून औषधाच्या दुकानापाशी संपायची. तिसरी मोबाईलवाली. तिचा मोबाईल लागायचा तो फक्त टेकडीवर, दफनभूमीत. म्हणजे मेलेल्यांची सोय उत्तम होती.

"दोन कंपन्या म्हणे!" ओलीटा विल्माच्या खानावळीत टेबलावर चमचा आपटून म्हणायची. "माझ्याकडे दोन चपला आहेत, म्हणून काय मी घोडा झाले?"

लोक हसायचे. पण ती हसण्यावारी नेत नव्हती, कारण तिचा भाऊ हर्शेल.

हर्शेल तिच्याहून धाकटा. करवतीच्या गिरणीतून थकून निघाला तो वरच्या घळीत वडिलांच्या घरात एकटा राहायला लागला, जोडीला एक म्हातारा कुत्रा आणि मधमाश्यांच्या पेट्या. दोनदा त्याचं हृदय दगा देता देता राहिलं होतं. डॉक्टरांनी गळ्यात एक बटण बांधलं. ते दाबलं की पलंगाजवळची पेटी टेलिफोनच्या तारेवरून थेट रुग्णालयाला कळवणार. तार असेल तर. घळीत मोबाईल म्हणजे नुसता साबणाचा तुकडा. आणि हर्शेलची पेन्शन अशी, की बिल वाढलं तर तो पहिलं काय तोडेल हे ओलीटाला पक्कं माहीत होतं. कुत्र्याचं खाणं तो तोडणार नव्हता.

कंपनीचा माणूस होता ट्रॉय मेबरी. परका असता तर गोष्ट वेगळी होती. हा गावच्याच चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला, ओलीटाच्या हातचं जेवलेला. मे महिन्यातल्या सजावटीच्या रविवारी, म्हणजे सगळं गाव टेकडीवर जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतं आणि मग तिथेच गवतावर पंगत बसते त्या दिवशी, हा पठ्ठ्या खोकंभर मोबाईल घेऊन आला.

"मिस ओलीटा, फुकट आहेत. उन्हाळाभर वापरा. तुम्हाला एक देऊ?"

"तुझ्या बापाला दे," ओलीटा म्हणाली. "तो इथेच पुरलाय, त्याला रेंज चांगली येईल."

बाकीच्यांनी मात्र घेतले. तळलेली कोंबडी एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात. तुल्सातल्या लेकीला लाव, विचिटातल्या नातवाला लाव, "ओळख बघू कुठून बोलतोय!" ट्रॉयबरोबर आलेला एक जण कॅमेरा घेऊन फिरत होता आणि ट्रॉय प्रत्येकाला प्रेमाने विचारत होता, "काय काका, कसा चाललाय फोन?"

आता आमच्या डोंगरातल्या माणसाला कसं काय विचारलं तर तो काय सांगतो? पाय मोडलेला असो, गाय मेलेली असो, पाहुण्यासमोर एकच उत्तर: "काही तक्रार नाही." रडगाणं गाणारा माणूस इथे उधळ्या माणसाहून हलका. ट्रॉयला हे ठाऊक नव्हतं थोडंच? तो आमच्यातलाच. कुऱ्हाडीला दांडा लागतो तो लाकडाचाच.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. आयोगाच्या बाई राजधानीहून आल्या होत्या. ट्रॉयने पडद्यावर चित्रफीत लावली. काका, काकू, पाद्रीबुवा, सगळे कानाला मोबाईल लावून हसताहेत आणि एकामागून एक सांगताहेत, तक्रार नाही, तक्रार नाही. खाली बसलेले तेच लोक माना खाली घालून बुटाची टोकं बघत होते.

"ही दफनभूमी आहे, बाई!" ओलीटा उठून ओरडली. "यांच्या घरी या आणि मग लावून दाखवा!"

"तुमची पाळी आल्यावर बोला," बाई म्हणाल्या.

पाळी आली. ओलीटाने विल्मासमोर चार वेळा म्हणून पाहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि पोटातलं काढलं.

"माझा भाऊ इथे बसलाय. हर्शेल. त्याच्या घळीत मोबाईलची एक रेघ उमटत नाही. त्याचं हृदय कमजोर आहे आणि खिसा त्याहून कमजोर. महिनाअखेरीला डब्यातल्या बीन्सवर दिवस काढतो तो. बिल वाढलं तर तार तोडेल, आणि तार तोडली तर एक दिवस जमिनीवर पडून मरेल. तेव्हा मी कुणाला फोन करू? स्पर्धेला?"

टाळ्या पडल्या. हर्शेल इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. ओलीटाने त्याला फक्त "चल, माणसांत बस जरा" एवढंच सांगून आणलं होतं.

आयोगाच्या बाई वळल्या. "मिस्टर हॅचर, शपथ घेऊन सांगाल? तुमच्या घरी मोबाईल चालतो का?"

हर्शेल उभा राहिला. टोपी हातात. गिरणीतले जुने सोबती बघत होते, उधारीवर खाद्य देणारा दुकानदार बघत होता, चर्चमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर बसणारी विधवा लॉटीही बघत होती. शपथ घेऊन झाली तरी तो बाईंकडे बघेना. तो ओलीटाकडे बघत होता.

"काही तक्रार नाही, मॅडम."

"म्हणजे चालतो?"

"ट्रॉयने दिलाय. चांगला आहे."

"आणि बिल वाढलं तर? भरू शकाल?"

"हॅचरांनी आजवर कुणाचं बिल बुडवलेलं नाही."

तो खाली बसला. ट्रॉयने कागद गोळा करायला सुरुवात केली. हसलासुद्धा नाही मेला, एवढा खात्रीत होता.

गाडीत बसल्यावर ओलीटाचा बांध फुटला. "खोटं बोललास! शपथेवर! माझं नाक कापलंस सगळ्या गावासमोर!"

"तुझं नाक?" हर्शेल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी काय जेवतो ते लॉटीला कुणी सांगितलं?"

"तुझ्यासाठीच भांडत होते ना रे!"

"मला विचारलं होतंस?"

पानगळीच्या दिवसांत निकाल आला. सॉरेल गॅपमध्ये स्पर्धा आहे. लगाम सुटला. हिवाळ्याच्या तोंडी बिल दुपटीच्या जवळ गेलं आणि पहिलं बिल हातात पडताच हर्शेलने तार तोडली. ओलीटाला कळलं ते विल्माकडून. ती तडक घळीत गेली. तो मधाच्या पेट्यांना थंडीसाठी गोणपाट गुंडाळत होता. गळ्यात बटण नव्हतं.

"फेरविचाराचा अर्ज करता येतो," ती हाकेच्या अंतरावरूनच म्हणाली. "ट्रॉयचा मोबाईल घेतलेला, आणि तो घरी चालत नाही असं शपथेवर सांगणारा एक माणूस हवा. एकच. बाकी सगळ्यांना विचारून आले, सगळे शेपूट घालताहेत. तू ये, हर्शेल. खरं ते सांग, बस्स."

"सांगायचं ते सांगितलंय मी."

"तोपर्यंत तुझं बिल मी भरते."

त्याने दोरीची गाठ घट्ट ओढली. "आणि मग तेही माइकवर सांग."

"ट्रॉयने तुला विकलं, कळतंय का? फुकटच्या खेळण्यात तुझा जीव विकला!"

"ट्रॉय लबाड आहे," हर्शेल शांतपणे म्हणाला. "मला काय ते दिसत नाही? पण चारचौघांत त्याने मला भिकारी नाही म्हटलं. ते माझ्या बहिणीने म्हटलं, ताई."

ओलीटा गाडीत जाऊन बसली. एरवी ती निघाली की तो मधाची बाटली घेऊन मागे यायचा, या वेळी आला नाही, आणि तिनेही काच खाली केली नाही.

घरी आल्यावर ती फोनपाशी बसली. केबलवाल्यांचा फोन स्वस्त होता, औषधाच्या दुकानामागच्या तिच्या गल्लीपर्यंत येतही होता. तरी तिने जुनी तार ठेवली होती, कारण रविवारी संध्याकाळी हर्शेल या नंबरवर बोलायचा आणि दुसरा नंबर पाठ करायला तयार नव्हता. तिने कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, बंद करा.

पलीकडची पोरगी नम्र होती. "कारण सांगाल का, मॅडम? मला इथे काहीतरी भरावं लागतं."

"मला फोन करणारं आता कुणी उरलेलं नाही."

"हे कारण आमच्याकडे नाहीये मॅडम." क्षणभर कळा दाबल्याचा आवाज आला. "मी 'दुसऱ्या कंपनीकडे गेल्या' असं टाकते. चालेल ना?"

म्हणजे पुढल्या वेळी ट्रॉयच्या आकड्यांत गावातल्या स्पर्धेचा आणखी एक पुरावा. ओलीटा हॅचर. ती ओरडायला तोंड उघडणार, तोच तार मुकी झाली.